पुस्तिका क्रमांक नऊ

हसनमियां फणसोपकरांच्या पुस्तिका एकूण तेरा.
चौदावीचं नुसतं मुखपृष्ठ.
मनामाच्या जुन्या बाजारात, शिंप्यांच्या गल्लीत
झेरॉक्स काढून, पिना मारून,
स्वतःच वाटलेल्या. किंमत शंभर फिल्स
किंवा एक चहा.

ते गेले, आणि मंडळाला ते आठवले.
स्मरणिकेत चार पानं देऊ म्हणाले,
पण तुम्ही हिशेबातले, आधी तपासून द्या,
माणूस जरा हा होता.
मी पेन्सिलीला टोक केलं.

पुस्तिका एक :
‘चौसष्ट साली गलबतातून आलो, काखेत कोंबडा.’
मुहर्रकला म्हातारा नाखवा अजून आहे,
डोळे गेलेत, बाकी शाबूत.
कोंबडा? छे, कोंबडी, तो म्हणाला,
होरमुझच्या अलीकडे अंडं घातलं तिनं,
सातजणांत वाटून खाल्लं.
गलबत बरोबर. कोंबडा फुली.

पुस्तिका चार :
‘इथे समुद्राच्या पोटात गोडं पाणी आहे.
पाणबुडे पखाली भरून वर आणत.’
न विचारताच फुली मारली मी.
मग संग्रहालयातला बाबा हसला.
माझा आजा तेच प्यायचा, म्हणाला.
इतकं खोडलं की कागद फाटला तिथे.
पण त्याच्या पुढचं वाक्य :
‘ते पाणी आमच्या फणसोपच्या विहिरीचं. चव ओळखली.’
याला काय करायचं?

पुस्तिका सहा :
‘हूरापासून अदलियापर्यंत दिव्याचे खांब चारशे बारा.’
तीन शुक्रवार मोजले, डोक्याला ओला रुमाल बांधून.
चारशे नऊ.
बलदियातल्या कारकुनानं फाईल काढली :
पुलाच्या कामात तीन काढले होते.
माणसानं मोजले होते. एकूण एक.

मग साध्या गोष्टी.
‘मला चार मुलगे.’ रत्नागिरीहून चुलतभाऊ फोनवर :
कुठले मुलगे?
‘बायकोचं दर जुम्म्याला पत्र येतं.’
पोस्टाची पेटी एक्क्याऐंशीतच बंद, भाडं थकलं म्हणून.
इथे फुली जरा लहान काढली.

पुस्तिका नऊ, पान सतरा :
‘११ नोव्हेंबर १९८६, मंगळवार.
पैसे पाठवायच्या खिडकीशी एक नवा पोरगा, निळा शर्ट.
फॉर्म तीनदा फाडला. बापाचं नाव
रामचंद्र लिहायचं की नुसतं रा., ठरेना.
सगळा पगार धाडला आणि बसच्या भाड्याला राहिला नाही.
मी त्याच्या पँटच्या खिशात शंभर फिल्स सोडले.
त्याला कळलं नाही.
खिसा फाटका होता, हे मला नंतर कळलं.’

कॅलेंडर पाहिलं. मंगळवारच.
पासपोर्ट काढला. माझा शिक्का चौदा तारखेचा.
तीन दिवसांचं अंतर. म्हणजे मी नव्हे.
निळे शर्ट तेव्हा सगळ्यांचेच,
हिरव्या ट्रंकेत सगळ्यांच्या एकेक.
आणि पगार तरी कसला, आल्याआल्या?

पण माझ्या वडिलांचं नाव रामचंद्र.
बँकेत नुसतं रा. होतं.
आणि आईचं त्या डिसेंबरातलं पत्र माझ्याकडे आहे :
खिसा शिवून घेतलास का.

पान दोनदा वाचलं. जेवण झाल्यावर आणखी एकदा.
खिडकी होती तिथे जाऊन आलो, आता मोबाईलची कव्हरं विकतात.
पोरानं विचारलं, कुठलं मॉडेल?

गुरुवारी समितीला गठ्ठा दिला.
नऊ नंबरात काहीच खूण नाही, सेक्रेटरी म्हणाले.
राहिली असेल, म्हटलं.
खजिनदाराच्या डब्यात शंभर फिल्स टाकले.
त्यानं वही उघडली. कशाबद्दल?
मागील बाकी, लिही.
कुणाकडून?

तो रकाना त्यानं मोकळा सोडलाय.
ऑडिट मलाच करायचंय, मार्चमध्ये.